'इट्स'मधली अपॉस्ट्रॉफी

तुझा मसुदा वाचला. 'द मिल अँड इट्स वर्कर्स' लिहिताना 'इट्स'मध्ये ('त्याचे' या अर्थाच्या शब्दात) अपॉस्ट्रॉफी, म्हणजे 'स'च्या आधीचं ते वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह, घातलीस, ती काढ. ओशाळू नकोस. मालकी दाखवताना नामांना ती लागते, मग इथेही लागेल असं वाटणारच. सतराव्या-अठराव्या शतकात खुद्द इंग्रजही हा शब्द सर्रास तसाच लिहायचे.

मुळात हा शब्दच उशिरा आला. जुन्या इंग्रजीत 'तो' आणि 'ते' या दोघांचंही षष्ठीचं रूप एकच, 'हिज'. १६११च्या किंग जेम्स बायबलात मिठाचा खारटपणा गेला तर, हे सांगताना 'हिज सेव्हर' म्हटलंय. जणू मीठ म्हणजे कुणी गृहस्थच! आपल्याला त्यात नवल नाही म्हणा. 'त्याचा' आपण माणसालाही लावतो नि मिठालाही. त्या पहिल्या छपाईत 'इट्स' एकदाही नव्हता. बायबलातल्या 'लेवीय' या पुस्तकात (२५:५) 'आपोआप' अशा अर्थाने नुसतं 'ऑफ इट ओन अकॉर्ड' होतं. शेवटचा 'स' नंतरच्या आवृत्त्यांत शिरला.

अडलास तर 'इट्स'च्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून मोठ्याने वाच. वाक्य चाललं तर अपॉस्ट्रॉफी ठेव, अडखळलं तर काढ. आणि मोबाइलच्या ऑटोकरेक्टवर भिस्त ठेवू नकोस. माझ्या छापून आलेल्या पत्रिकेत त्यानेच घोळ घातला होता.