अभीष्टचिंतन : ‘तुला’ की ‘तुझं’?

उदगीरहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. दहावीच्या वर्गमित्रांचा त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला कुणीतरी लिहिलं, ‘तुला हार्दिक अभिष्टचिंतन’. दुसऱ्याने टोकलं की ‘अभीष्ट’मधला भी दीर्घ. तिसऱ्याचं म्हणणं, हा शब्द बॅनरवरच्या पुढाऱ्यांसाठी, बरोबरीच्या माणसाला तो चालतच नाही. यात खरं कुणाचं?

ऱ्हस्व-दीर्घाचं आधी उरकून घेऊ. अभि + इष्ट = अभीष्ट. दोन इकार एकत्र आले की दीर्घ ई होते. प्रति + ईक्षा = प्रतीक्षा, परि + ईक्षा = परीक्षा हे त्याच घरातले शब्द. तेव्हा दीर्घच बरोबर. पण लातूर-नांदेडच्या चौकांत ‘अभिष्टचिंतन’ इतकं दिसतं, त्याला कारणं आहेत. अभिनंदन, अभिमान, अभिषेक हे शब्द रोजच्या नजरेतले. तिथे ‘अभि’पुढे व्यंजन येतं, म्हणून भि ऱ्हस्वच राहतो आणि हाताला तेच वळण पडतं. शिवाय जोडाक्षराआधीचा इकार मराठीत सहसा ऱ्हस्व असतो : शिस्त, मिस्त्री. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मूळचं दीर्घत्व सोडत नाहीत, म्हणून कीर्ती, परीक्षा आणि अभीष्ट. कान इथे मदतीला येत नाही, कारण ‘ष्ट’चा आघात मागच्या अक्षरावर पडला की भि आणि भी सारखेच ऐकू येतात. लिहिणाऱ्याने संधी आठवायची, एवढाच उपाय.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ‘तुला’ हा शब्द. त्याकडे ग्रुपवर कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही.

शुभेच्छा द्यायची गोष्ट आहे, म्हणून ‘तुला शुभेच्छा’. अभीष्टचिंतन करायची गोष्ट आहे. कौतुक, स्वागत, अभिनंदन यांच्यासारखी. आपण ‘तुला कौतुक’ म्हणत नाही, ‘तुझं कौतुक’ म्हणतो. तसंच ‘तुझं अभीष्टचिंतन’. समास सोडवून पाहिला तर हे आणखी स्पष्ट होतं. अभीष्ट म्हणजे मनापासून हवं असलेलं, वांछित. चिंतन म्हणजे त्याचा मनात धरलेला विचार. तुझं जे अभीष्ट, त्याचं मी चिंतन करतो. ‘तुझं’ हे पद त्या अभीष्टाला जाऊन चिकटतं. तिथे ‘तुला’ बसवलं की ते लोंबकळत राहतं. ‘अभीष्टचिंतन सोहळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ असंही हल्ली छापलेलं दिसतं. म्हणजे शुभ चिंतण्याच्या कार्यक्रमालाच शुभेच्छा! सोहळा शब्दाला माझी हरकत नाही, चार माणसं जमून कुणाचं भलं चिंतत असतील तर तो सोहळाच. पण शुभेच्छा त्या माणसाला द्याव्यात, कार्यक्रमाला नव्हे.

अभीष्ट कुणाचं, असाही प्रश्न निघतो. त्याच्यासाठी मला जे हवंसं वाटतं ते, की त्याला स्वतःला जे हवं आहे ते? व्याकरणाला दोन्ही चालतं. माझा कौल दुसऱ्या अर्थाला. त्या अर्थाने हा शब्द फार मोठं मागणं मागतो : समोरच्याला काय हवं आहे ते आधी ठाऊक असलं पाहिजे. आणि ते बरोबरीच्या मित्राइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून ‘बरोबरीच्या माणसाला चालत नाही’ हे म्हणणं मला पटत नाही. शब्दात मानाची पायरी कुठेच नाही, ती बॅनरांनी चिकटवली आहे. ज्याच्या बोअरला उन्हाळ्यात पाणी राहत नाही, ज्याला यंदा सोयाबीनच्या भावाची काळजी आहे, त्याला ‘बोअरला पाणी राहो, सोयाबीनला भाव मिळो’ असं लिहिलंत, तर अभीष्टचिंतन हा शब्द न वापरताही ते पुरतं झालं. मराठीने त्यासाठी क्रियापदाचं खास रूप राखलं आहे : लाभो, मिळो, येवो, होवो. शेवटच्या त्या ओकारात आख्खी सदिच्छा मावते.

आता वाढदिवस. या ग्रुपवर १ जूनला कुणाकुणाला शुभेच्छा द्यायच्या यावरही गोंधळ होतो, असं पत्रात पुढे लिहिलं आहे. मराठवाड्यातल्या जुन्या वर्गमित्रांच्या कुठल्याही ग्रुपवर हे होणारच. घरी तारीख लिहून ठेवायची रीत नव्हती. पोलीस ॲक्शनच्या साली (म्हणजे १९४८ला, हैदराबाद संस्थानावर भारताने कारवाई केली तेव्हा) झाला, बहात्तरच्या दुष्काळात झाली, एवढंच आई सांगायची. शाळेत नाव घालताना गुरुजी वयाचा हिशेब बसवून १ जून टाकून देत. मग ‘हा काही खरा वाढदिवस नाही’ म्हणून बरेचजण संकोचतात.

त्यांनी संकोचू नये. वाढदिवस या शब्दात जन्म नाहीच. वाढ आणि दिवस, आयुष्यात एका वर्षाची भर पडल्याचा दिवस. जन्मदिनाला नेमकी तारीख लागते, वाढ मोजायला वर्षातला कुठलाही एक ठरलेला दिवस पुरतो. आपल्या भागाला हा विचार दुसऱ्या वाटेनेही ओळखीचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू होती. उर्दूत वाढदिवसाला सालगिरह म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. दरवर्षी दोऱ्याला एक गाठ मारून वयाची वर्षं मोजायची, त्यावरून हा शब्द. हिंदीतली वर्षगाठही तीच. त्यातही जन्माचा उल्लेख नाही, मोजणी आहे.

वर्धापन हे वाढदिवसाचं संस्कृत भावंड, दोन्हींच्या मुळाशी वाढणं आहे. जुन्या धर्मशास्त्रात वर्धापन हा माणसाच्याच वाढदिवसाचा विधी : मार्कंडेयाची आणि चिरंजीवांची पूजा करायची, तीळगूळ घातलेलं दूध प्यायचं. आज आपण तो शब्द संस्थांकडे सोपवला आहे. तुमच्या ग्रुपला वर्ष पूर्ण होईल तेव्हा ‘ग्रुपचा वर्धापनदिन’ म्हणा, चपखल बसेल.

जयंती मात्र जिवंत माणसाची नसते. ती देवांची आणि होऊन गेलेल्या थोरांची. जालना जिल्ह्यातल्या जांबला रामनवमीला समर्थ रामदासांची जयंती होते, ते योग्यच. हयात मित्राच्या नावापुढे जयंती लिहिणं त्याच्या घरच्यांना टोचेल. ग्रुपमधला एखादा सोबती आता नसेल आणि त्याच्या तारखेला त्याची आठवण काढायची असेल, तर तिथे वाढदिवस चालणार नाही, कारण वाढ थांबलेली असते. जयंती हा शब्दही शाळासोबत्यासाठी फार औपचारिक होतो. ‘आज त्याचा जन्मदिवस’ असं लिहावं.

आणि एक शब्द मला फार जपावासा वाटतो, औक्ष. आयुष्य या शब्दाचं बोलीत झिजून झालेलं हे रूप. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका पाया पडणाऱ्याच्या तोंडावरून हात फिरवून ‘औक्षवंत हो’ म्हणतात. औक्षणाच्या ताटातही हेच औक्ष ऐकू येतं. ‘हॅपी बड्डे’च्या शेजारी हा शब्द टाकून पाहा. तो लिहिणाऱ्याच्या घरातून आलेला वाटतो. वयाने लहान असलेल्याने मोठ्याला मात्र ‘औक्षवंत हो’ म्हणू नये, तो आशीर्वाद आहे. तिथे ‘आपल्याला उदंड आयुष्य लाभो’ लिहावं. वर्गमैत्रिणीला दोन्ही चालतं.

तेव्हा त्या मैत्रिणीसाठी मी असं लिहीन : ‘तुझं मनापासून अभीष्टचिंतन. लेकीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळो, तुझं गुडघ्याचं दुखणं सरो. औक्षवंत हो.’ हार्दिक लिहायचं असेल तर दि ऱ्हस्व. आणि भावाच्या वाढदिवसाला ‘आयुष्यमान भव’ नको, तिथे ‘आयुष्मान’ हवं.