झोपेत दचकणारे बाळ

प्रश्न : माझी मुलगी सहा आठवड्यांची आहे. शांत झोपलेली असताना ती एकाएकी दोन्ही हात फेकते, बोटे ताणते आणि रडत उठते. मांडीवरून अंथरुणावर ठेवताना तर हे हमखास होते. तिच्या मनात कसली भीती बसली असेल का? आम्ही दोघे रात्री आळीपाळीने तिच्याजवळ जागत बसतो.

उत्तर : तिच्या मनात भीती बसलेली नाही, हे सर्वांत आधी सांगते. तुम्ही वर्णन केलेली हालचाल ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असून बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांच्या नावावरून तिला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. ती दोन्ही बाजूंना सारखी दिसते ना, हे डॉक्टर नवजात बाळाच्या तपासणीत मुद्दाम पाहतात. मोठा आवाज झाला किंवा डोक्याचा आधार क्षणभर सुटला की हात आपोआप फैलावतात आणि पुन्हा छातीशी येतात. शिवाय या वयात जवळपास निम्मी झोप चाळवती असते, त्यामुळे बाहेरचे काही कारण नसतानाही बाळ दचकू शकते.

अंथरुणावर ठेवतानाच ती हमखास का दचकते, याचे उत्तरही यातच आहे : खाली नेताना तिला आपण पडत असल्यासारखे वाटते. म्हणून तिला अंगाशी धरूनच खाली वाका, आधी पाय व कंबर, मग पाठ आणि शेवटी डोके टेकवा, आणि हात लगेच काढून न घेता तळवा थोडा वेळ तिच्या छातीवर हलकेच राहू द्या. दचकल्यावर लगेच उचलण्याचीही घाई नको. पुष्कळदा बाळ आपले आपण पुन्हा झोपते. रडू लागली तर मात्र जवळ घ्या, त्याने वाईट सवय लागत नाही. पातळ कापडात गुंडाळल्यानेही दचकणे कमी होते. मात्र तिला पाठीवरच झोपवा, पाय मोकळे हलू द्या आणि ती कुशीवर वळू पाहू लागताच गुंडाळणे पूर्ण बंद करा. वजनदार गुंडाळणी वापरूच नका.

हे दचकणे बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. तोवर पहारा देण्याची गरज नाही. तुम्ही दोघांनीही झोपा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एकच हात हलत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. विशेषतः झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके येत असतील किंवा हात-पाय हलकेच धरूनही झटके थांबत नसतील, तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.