भाषणाआधी मेथी निवडावी का?

प्रश्न : मी एका पतपेढीतून नुकतीच निवृत्त झाले आहे. आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात वाशीच्या एका सभागृहात मला दहा मिनिटे बोलायचे आहे. सोसायटीच्या सभेत चार वाक्ये बोलायची वेळ आली, तरी माझ्या घशाला कोरड पडते आणि हातातला कागद थरथरू लागतो. मात्र मागच्या वार्षिक सभेआधी मी घरी मेथीची जुडी निवडत बसले होते आणि त्या दिवशी मला बरेच शांत वाटले. यजमान म्हणतात, तो वेळ भाषण पाठ करण्यात घालवायला हवा होता. मैत्रीण म्हणते, धडधड थांबवणारी गोळी मिळते, ती घे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : मेथी निवडताना शांत वाटले, हा तुमचा भ्रम नव्हे. लोकांसमोर उभे राहायचे आहे या नुसत्या विचारानेच शरीर संकटाच्या तयारीला लागते. रक्तातील अॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, लाळ कमी झाल्याने तोंड कोरडे पडते आणि ताणलेल्या स्नायूंमुळे हात थरथरतात. हे इतके हमखास घडते की, जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी माणसावर मुद्दाम ताण आणून त्याचा अभ्यास करण्यासाठी १९९३ साली जी चाचणी मांडली, तिचा गाभाच परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करणे आणि मग तोंडी वजाबाकी करत राहणे हा होता, आणि ती चाचणी आजही प्रयोगशाळांमध्ये वापरली जाते. तेव्हा आपल्यातच काही उणे आहे, असे मानायचे कारण नाही.

खरा त्रास होतो तो या धडधडीकडे कान लावून बसल्याने. ती जाणवली की ‘आता मी सगळे विसरणार’ असे वाटू लागते आणि तसे वाटले की ती आणखी वाढते. जुडी सोडायची, मुळांची माती झटकायची, पिवळी पाने वेगळी काढायची, कोवळ्या देठासकट पाला खुडून परातीत टाकायचा आणि जून काड्या कागदावर बाजूला सारायच्या, या कामात डोळे व बोटे अशी गुंततात की मनाला स्वतःची चौकशी करायला फारशी सवड उरत नाही. शिवाय हे काम सवयीचे असते, त्यात चुकण्याची भीती नसते आणि ते संपत आल्याचे समोर दिसते. भाषणाच्या तयारीला असा शेवट नसतो, म्हणूनच ती शेवटच्या तासात जीव खाते.

एक अट मात्र आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी साबणाचा वास, पाण्याची ऊब आणि भांड्यांचा स्पर्श यांकडे लक्ष देण्याविषयीचा उतारा वाचायला दिला होता, त्यांनी आपली अस्वस्थता सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाल्याचे सांगितले. इतरांमध्ये तसा फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे आणि त्याचा भाषणाशी थेट संबंध नाही, हे खरे. तरीही समोर मालिका लावून किंवा मनात भाषण घोळवत मेथी निवडली, तर उपयोग बेताचाच होईल, एवढे त्यावरून समजून घ्यायला हरकत नाही. विळीवर नारळ खवणे किंवा साडीला इस्त्री करणे ही कामे त्या दिवशी टाळावीत. थरथरत्या हातांना धार आणि चटका दोन्ही नकोत.

यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तयारी हवीच, पण ती आदल्या आठवड्यात, उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करावी. शेवटच्या तासात पाठांतर सुरू केले की अडखळण्याच्या जागाच तेवढ्या लक्षात राहतात. सुरुवातीची दोन आणि शेवटचे एक वाक्य तोंडपाठ असावे, मधले मुद्दे जाडसर पुठ्ठ्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. पातळ कागदाची थरथर पहिल्या रांगेलाही दिसते आणि बोलणाऱ्यालाही.

आता प्रश्न वाशीचा. घरी मेथी निवडून निघालात, तरी ठाण्याहून वाशी लोकलने साधारण अर्ध्या तासावर आहे आणि तेवढ्यात भीती पुन्हा डोके वर काढू शकते. महिलांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या आणि भाजी निवडणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्याच असतील. बसायला जागा मिळाली तर तुम्हीही पिशवीत पाव किलो मटार ठेवावेत. मेथीपेक्षा ते बरे, कारण माती लागून कार्यक्रमाची साडी खराब होत नाही. सभागृहात वेळेआधी पोहोचून संयोजकांकडून एखादे हातचे काम मागून घ्यावे: पाण्याचे पेले भरणे, खुर्च्या सरळ करणे, आलेल्यांना कार्यक्रमपत्रिका देणे. पत्रिका देताना चार जणींशी बोलणेही होते आणि मंचावरून पाहिल्यावर समोर अगदीच परके चेहरे राहत नाहीत.

गोळीबाबत मैत्रिणीचे ऐकू नये. धडधड कमी करण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे असते. ते नाडीचा वेग आणि रक्तदाब कमी करते आणि दमा असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. भीतीपोटी तुम्ही एकामागून एक निमंत्रणे नाकारू लागलात किंवा आठवडाभर आधीपासून झोप उडू लागली, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे आणि गोळीचा निर्णय त्यांच्यावरच सोपवावा.