मातीकाम, स्वभाव आणि स्वेच्छानिवृत्ती

प्रश्न : मी ४८ वर्षांची असून पणजीतील एका सरकारी कार्यालयात नोकरी करते आणि फोंड्याहून रोज ये-जा करते. गेल्या काही वर्षांत माझा स्वभाव फार चिडखोर झाला आहे, हे मलाही कळते. दिवाळीच्या सुटीत मैत्रिणीच्या आग्रहाने सिरॅमिकच्या वर्गाला गेले आणि चाकावर बसून काम करताना दोन तास कशाचीच आठवण झाली नाही. तेव्हापासून दर रविवारी जाते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घराच्या मागच्या पडवीत स्वतःची भट्टी बसवावी, असे मनात आहे. यजमान म्हणतात, हे चार दिवसांचे खूळ आहे. या वयात मातीकाम माणसाला खरोखर बदलू शकते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : त्या दोन तासांत तुम्हाला जे जाणवले ते खरे आहे. चाकावर बसल्यावर दोन्ही हात चिखलाने माखलेले असतात, त्यामुळे फोनला हात लावता येत नाही. नजर फिरत्या गोळ्यावरून हलवता येत नाही. आणि घाई केली की माती तत्काळ कलंडते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी माती, रंगीत पेने किंवा चिकटचित्रांचे कागद यांपैकी आवडेल ते साधन घेऊन ४५ मिनिटे काम केले, तेव्हा त्यांतील सुमारे ७५ टक्के व्यक्तींमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण कमी झालेले आढळले. मात्र हा निष्कर्ष पाऊण तासाचा आहे. त्यावरून स्वभाव बदलतो असे सिद्ध होत नाही, आणि तुमचा प्रश्न तर स्वभावाचाच आहे.

रविवारच्या वर्गात शिकणाऱ्याच्या वाट्याला या कलेतील सर्वांत सुखाचा भाग येतो. माती आधीच मळून, तिच्यातील हवा काढून, गोळे करून ठेवलेली असते. भांडे वाळवणे, त्याचा तळ तासणे, भाजणे, झिलई (काचेसारखा चकचकीत थर) देणे आणि पुन्हा भाजणे हे सारे तुम्ही घरी परतल्यावर दुसरे कोणीतरी करते. माणसाला बदलण्याची ताकद या कामात असलीच, तर ती या उरलेल्या भागात आहे, असे माझे मत आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, त्यामुळे दोन दिवसांत वाळेल असे वाटलेल्या कपासाठी आठवडाभर थांबावे लागते. शिवाय पातळ कड आधी आणि कान जोडलेला जाड भाग नंतर सुकला तर तडा जातो, म्हणून कप प्लास्टिकखाली झाकून मुद्दाम सावकाश सुकवावा लागतो. धीर न धरता ओलसर भांडे भट्टीत ठेवले, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते आणि शेजारच्या भांड्यांचेही नुकसान करते. पहिली भाजणी साधारणपणे ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत असते, झिलईनंतरची स्टोनवेअरची (दगडासारख्या घट्ट होणाऱ्या भांड्यांची) भाजणी १२०० अंशांच्या पुढे जाते. त्यात ५७३ अंशांच्या आसपास मातीतील क्वार्ट्झ या खनिजाच्या कणांचे आकारमान एकाएकी बदलत असल्याने तापमान चढवताना आणि उतरवताना त्या टप्प्यावर घाई चालत नाही. एवढे करून भांडे मूळ आकारापेक्षा सुमारे दहा-बारा टक्क्यांनी लहान होऊनच बाहेर येते. भट्टी पेटल्यापासून ती निवून उघडेपर्यंत आतल्या भांड्यांना हात लावता येत नाही, आणि चिडखोर माणसाची खरी परीक्षा चाकापेक्षा येथे होते.

पहिले काही महिने तुम्ही घडवाल त्यातील बहुतेक वस्तू मोडून टाकाव्यात, असा माझा आग्रह आहे. न भाजलेली माती पाण्यात भिजवून पुन्हा वापरता येते, त्यामुळे नुकसान काहीच नाही. प्रत्येक वाटी घरी नेण्याची सवय लागली, तर हात सुधारत नाही, फक्त कपाट भरते. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली पुदुच्चेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीमधून आजचे अनेक भारतीय सिरॅमिक कलावंत घडले, तेही महिनोन्महिने तेथे राहून काम केल्यामुळेच. इतक्या दूर जाणे जमणार नसेल, तर आधी डिचोलीला जा. तेथील कुंभारांच्या घरांत हे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, आणि मातीने तुम्हाला बदलले का, असे त्यांना कोणी विचारत नाही. दिवाळीपूर्वी पणत्या तयार व्हायला हव्यात, ही त्यांची चिंता असते. परवानगी घेऊन तासभर त्यांचे काम पाहा आणि येताना काही विकत घ्या.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तूर्त करू नका. पगार थांबला की आज मन शांत करणाऱ्या मातीकडूनच उद्या विक्रीची अपेक्षा सुरू होईल, आणि न विकलेल्या कपांवरही तुम्ही तितक्याच चिडाल. भट्टीचीही घाई नको. काही स्टुडिओ शुल्क घेऊन इतरांची भांडी भाजून देतात, तशी सोय शोधा आणि एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, काम करून पाहा. त्याबरोबरच एकदा डॉक्टरांनाही भेटा, कारण या वयातील चिडचिडीमागे रजोनिवृत्तीचे किंवा थायरॉईडचे कारण असू शकते आणि त्यावर चाक हा उपाय नव्हे.

यजमानांना खूळ वाटते, याचे वाईट वाटून घेऊ नका. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चे ठरवले, तेव्हा नामदेवांना राग आला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आपण बदललो की नाही, याचा निवाडा स्वतःला करता येत नाही. तो घरातल्या आणि कार्यालयातल्या माणसांवर सोडावा लागतो, आणि तो प्रतिकूल आला तर रागही येतो. वर्षभराने यजमानांनाच विचारा, मात्र तोवर रोज विचारू नका.

पडवीत चाक मांडायचे झाल्यास ते स्वयंपाकघराच्या दाराजवळ नको. सुक्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना अपाय होतो, म्हणून जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी शिसे नसलेली झिलईच घ्या. सोलकढीसारखा आंबट पदार्थ शिसेयुक्त झिलईच्या भांड्यात ठेवला, तर ते शिसे त्यात उतरू शकते.