सूर सुटतो तो दोन सुरांच्या मधे

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं क्लॅरिनेटचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. सोबत नव्या माउथपीसबद्दल (तोंडात धरायच्या तुकड्याबद्दल) विचारलं आहेस, त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: आत्ता घेऊ नकोस. का, ते पुढे येईलच.

तुझा आवाज पातळ आहे अशी तुझी तक्रार. मला तो तसा वाटला नाही. खालच्या सप्तकात जिथे एखादा सूर लांबवला आहेस तिथे तो चांगला भरदार आहे. बोटं चालू झाली की मात्र तो विरळ होतो, मधल्या सुरांवर घुसमटतो आणि वर चढलीस की चिरका लागतो. म्हणजे टोन तुझ्याकडे आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो हातचा सुटतो. एकेक सूर सुटा घोटून हे सुधारणार नाही. रियाजात कान सुरांमधल्या सांध्याकडे लाव.

पहिला संशय फुंकेवर घे. बोट उचलताना तू नकळत फुंकही उचलतेस. अगदी किंचित, पण ऐकू येण्याइतकी. व्हायोलिन वाजवणाऱ्याकडे पाहा: डाव्या हाताची बोटं कितीही नाचोत, उजव्या हातातला गज तारेवर चालूच असतो. रिचर्ड म्यूलफेल्ट हा एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदात आधी व्हायोलिनवादक म्हणून लागला, मग क्लॅरिनेट स्वतःच शिकून तिथलाच मुख्य क्लॅरिनेटवादक झाला. त्याचं वादन ऐकून संगीतकार ब्राह्म्सने 1891 मध्ये क्लॅरिनेट क्विंटेट (क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची रचना) लिहिलं, तेही नवं लिहिणं थांबवायच्या बेतात असताना. म्यूलफेल्टच्या फुंकेत त्याचा जुना गज शिल्लक होता असं मानायला मला आवडतं. आणि हो, तो बॉक्सवूड या फिकट लाकडाचं वाद्य वाजवत असे, आजच्यासारखं काळ्या ग्रेनाडिला लाकडाचं नव्हे. सामानाच्या मागे लागणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

यासाठी एक साधा पाठ. खालच्या सप्तकातले ई, डी, सी हे तीन सूर (बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी लिहितात ते) अगदी संथ, जोडून वाजव. जीभ एकदाच, पहिल्या सुराला. त्यानंतर फुंक अशी चालव की जणू तू एकच सूर लांबवते आहेस आणि बोटं त्यात दुसऱ्या कुणाची तरी पडताहेत. डी पडतो त्या क्षणी आवाजात खड्डा पडला, तर फुंक थांबली. ‘टप्प’ असं ऐकू आलं, तर बोट आपटलं. तीन सूर गुळगुळीत झाले की चौथा जोड. घाई केलीस तर हा पाठ निरुपयोगी आहे.

फुंक म्हणजे जोर नव्हे. तू जोर भरपूर लावतेस, वेग कमी पडतो. भिंतीला कागदाचा कपटा लावून फुंकरीने तो तिथेच टिकवून पाहा. गाल फुगवून, ढिल्या तोंडाने फुंकलंस तर तो लगेच पडेल, आणि बारीक, सलग धार सोडलीस तर टिकेल. क्लॅरिनेटला तीच धार लागते, हळू वाजवतानाही. उलट हळू वाजवताना तर जास्तच, कारण आवाज लहान करताना हवेचं प्रमाण कमी करायचं असतं, पोटाचा आधार नाही. तुझी वाक्यं शेवटाकडे विझतात ती याच कारणाने. दमसास संपलेला नसतो, आधार आधीच सोडलेला असतो.

लांब सूर तू रोज भरतेस असं लिहिलं आहेस. कसे भरतेस ते लिहिलं नाहीस. शून्यातून उगवून मोठा आणि मग परत शून्यात, असा भर, आणि समोर ट्यूनर, म्हणजे सूर किती चढला-उतरला ते दाखवणारं यंत्र, ठेव. क्लॅरिनेट मोठ्याने वाजवलं की सूर उतरतो आणि हळू केलं की चढतो. बासरीचं याच्या उलट असतं, त्यामुळे सोबत बासरीवाला असेल तर दोघं विरुद्ध दिशांना पळता. काटा जागचा न हलता आवाज लहानमोठा करता आला की ओठ आणि फुंक एकमेकांना सांभाळायला शिकले. सगळे चढत्या अर्ध्यावर मेहनत घेतात. कमाई उतरत्या अर्ध्यात आहे.

आता तोंड. वर गेल्यावर तुझा आवाज चिरका होतो, कारण तू खालच्या जबड्याने रीडला, म्हणजे माउथपीसवरच्या पातळ पट्टीला, चावतेस. चावलेली रीड मोकळी हलत नाही, सूर चढतो आणि बारीक होतो. याची खात्री घरच्या घरी करता येते: फक्त माउथपीस आणि बॅरल (त्याच्या लगतचा छोटा तुकडा) जोडून वाजव. ट्यूनरवर साधारण एफ शार्प दिसायला हवा. बराच वर गेला तर दाबते आहेस, खाली गेला तर ओठांचे कोपरे ढिले आहेत किंवा जीभ तोंडात खाली पडली आहे. तुझा वर जाईल, असं मी पैजेवर सांगतो.

चावण्याची सवय उपदेशाने जात नाही. तिच्यावर जुना उतारा म्हणजे दुहेरी ओठ. वरचा ओठही दातांवर दुमडून घ्यायचा आणि रोज थोडा वेळ तसंच वाजवायचं, वाद्याचं खालचं रुंद तोंड गुडघ्यांवर टेकवून. चावलंस की वरच्या ओठाला लगेच कळ येते, म्हणून जबडा आपोआप सैल होतो. नेहमी तसंच वाजवायचा माझा आग्रह नाही. काही मोठे वादक वाजवत आले आहेत, पण तुला तो फक्त औषधापुरता हवा.

माउथपीस तोंडात किती घ्यायचा हाही प्रश्न आहे, कारण मला वाटतं तू कमी घेतेस. रीड आणि माउथपीसच्या मधे पातळ कागद सरकव. जिथे तो अडतो तिथून रीड माउथपीसपासून सुटायला लागते. खालचा ओठ साधारण त्या जागी यावा. त्याच्या वर राहिलीस तर आवाज कोंडतो. फार खाली गेलीस तर रीड किंचाळेल, पण एकदा किंचाळू दे, म्हणजे हद्द कळेल.

याच्या पुढची गोष्ट दिसत नाही, म्हणून शिकवायला सगळ्यात अवघड: जीभ. सूर काढताना तोंडाच्या आतला आकार किती काम करतो, हे अमेरिकन संगीतकार गर्शविनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ची सुरुवात ऐकलीस तर कळेल. 1924 च्या या रचनेत क्लॅरिनेट जी लांबलचक मींड घेत वर जातं, तिचा वरचा भाग नुसत्या बोटांनी निघतच नाही. वादक जीभ आणि घसा यांचा आकार बदलत सूर ओढून नेतो. तुला मींड घ्यायची नाही, पण तेच इंजिन तुझ्या रोजच्या टोनमागेही आहे. जिभेचा मागचा भाग उंच, वरच्या दाढांच्या जवळ, ‘ही’ म्हणताना असतो तसा ठेव. ‘हॉ’ म्हणताना तो खाली जातो, हवेला वाट रुंद मिळते आणि ती मंदावते. ‘घसा मोकळा सोड’ हा सल्ला तुला पुष्कळांनी दिला असेल. क्लॅरिनेटपुरता तो अर्धवट सल्ला आहे. लोक घसा मोकळा सोडायला जातात आणि जीभ खाली पाडतात.

तपासायचं असं. क्लॅरिनेटची नळी सरळसोट आणि माउथपीसच्या टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून रजिस्टर की (वरच्या सुरांवर नेणारी अंगठ्याची की) दाबली की सॅक्सोफोनसारखं एक सप्तक वर न जाता आपण मूळ सुरापासून मोजून बाराव्या सुरावर जातो. खालचा सी वाजव आणि ओठ, फुंक, काहीही न बदलता फक्त अंगठ्याने रजिस्टर की दाब. वरचा जी स्वच्छ निघाला पाहिजे. निघण्याआधी खालून घरघर आली, तर जीभ खाली आहे. वर जायला ओठ आवळावे लागले, तर खालचा सी मुळातच ढिला होता. या दुसऱ्या निदानाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: वरच्या सुरांचा रोग पुष्कळदा खालच्या सुरांत असतो. खालचे सूर ढिल्या तोंडाने भागतात, वरचे भागू देत नाहीत. सगळं वाद्य वरच्या सुरांच्या शिस्तीने वाजव आणि मग खाली ये.

तुझे मधले सूर घुसमटतात, म्हणजे जी, जी शार्प, ए आणि बी फ्लॅट, त्यात मात्र तुझा सगळा दोष नाही. तिथे नळीचा जेमतेम वरचा तुकडा वाजत असतो. त्यातून बी फ्लॅटचं छिद्र तेच, जे रजिस्टर कीचं. एका छिद्राला दोन कामं दिली की ते दोन्हींत थोडं कमीच पडणार. उपाय म्हणजे या सुरांना उजव्या हाताची दोनतीन बोटं खालच्या छिद्रांवर ठेवून बघ. कोणती, ते वाद्यागणिक बदलतं, कानाने निवड. आवाज गोल होतो आणि आणखी एक फायदा मिळतो. लगेच वरच्या बी वर जायचं असेल तर सगळी बोटं एकदम पाडावी लागतात, त्यातली निम्मी आधीच जागेवर असतात. तुझ्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात वाईट सांधा तोच आहे, ए वरून बी वर जाणारा.

रीडबद्दल थोडक्यात. रीडवरचा आकडा तिचा ताठपणा सांगतो, आणि एका कंपनीची तीन दुसऱ्या कंपनीच्या तीनशी जुळेलच असं नाही. फार मऊ रीड भणभणते आणि वरचे सूर दाबून टाकते, फार कडक असली तर सुराआधी हवा ऐकू येते. कडक रीड म्हणजे मोठा वादक हा गैरसमज तेवढा सोड. चार रीड आलटून पालटून वापर, नवीन असेल तर सुरुवातीला रोज काही मिनिटंच. रीड बसवताना तिच्या टोकावरून माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसावी. रीड जड वाटली तर केसभर खाली घे, हलकी वाटली तर वर. एखादी रीड नुसतीच हट्टी वाटली तर वाजवता वाजवता माउथपीस किंचित डावीकडे आणि मग उजवीकडे कलता कर. जी बाजू ओठापासून मोकळी असताना आवाज अडेल ती बाजू जाड आहे. बारीक पॉलिश पेपरवर तिथे दोनचार हलके हात फिरव आणि पुन्हा वाजवून बघ. एकदम जास्त नको. काढलेलं परत लावता येत नाही.

मग माउथपीस कधी घ्यायचा? एफ शार्पचा काटा स्थिर राहायला लागला आणि सी वरून जी वर उडी घरघर न करता जायला लागली की. त्याआधी घेतलास तर टोकाची (रीड आणि माउथपीसमधली) फट जास्त असलेला निवडशील, कारण चावणाऱ्या जबड्याला तो सुरुवातीला मोठा आवाज देतो. महिनाभराने पुन्हा तीच तक्रार येईल, आणि मधल्या काळात चावणं मात्र पक्कं होईल.

पुढचं रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. वाजवणाऱ्याला आपला आवाज दात आणि हाडांमधूनही ऐकू येतो, आणि जवळचा माइक रीडची खरखर जास्त पकडतो. जवळून जरा खरखरीत वाटणारा टोन दूरवर भरून जातो, आणि जवळून मखमली वाटणारा बऱ्याचदा खोलीच्या मध्यावरच संपतो.

ता. क. हे सगळं सुरू करण्याआधी वाद्याचे पॅड (छिद्रं झाकणाऱ्या गाद्या) गळत नाहीत, म्हणजे हवा सोडत नाहीत ना, ते बघ. वरचा जोड सुटा कर, सगळी छिद्रं बोटांनी झाक, खालचं तोंड तळव्याने बंद कर आणि वरून हवा ओढून घे. तोंड बाजूला केल्यावर ‘पॉक्’ असा आवाज आला तर ठीक. नाही आला तर आधी दुरुस्तीला दे आणि मगच मला उत्तर लिही.