आईला ग्राफिक कादंबऱ्यांची गोडी लागली आहे, पण ‘माऊस’ वीस पानांत अडलं. पुढे काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की आई निवृत्त शिक्षिका आहेत, भुसावळला असतात. नातीचं ‘पर्सेपोलिस’ त्यांनी भराभर संपवलं, मग नाझी छळातून वाचलेल्या ज्यू बापाची कथा सांगणारं आर्ट स्पीगलमन यांचं ‘माऊस’ मागून घेतलं आणि ते वीस पानांतच बाजूला पडलं. त्यावरून आवड ओसरली असं समजू नका. ही दोन पुस्तकं डोळ्यांना फार वेगळं काम लावतात.

‘पर्सेपोलिस’मधली मर्जान सात्रापींची चित्रं ठळक काळ्या-पांढऱ्या आकारांची आहेत. मजकूर आटोपशीर आणि काळ बहुतेक सरळ पुढे जाणारा. ‘माऊस’मध्ये चौकटी लहान, रेघा दाट आणि अक्षरं खेटून आहेत. शिवाय कथा न्यूयॉर्कमधला म्हातारा बाप आणि युद्धकाळातला पोलंड यांत सतत ये-जा करते. आणखी एक गोष्ट आईंना आधीच सांगा: हा बाप, व्लादेक, मोडकं इंग्रजी बोलतो, ते मुद्दाम तसं लिहिलं आहे. भाषेची शिस्त असलेल्या शिक्षिकेला अशा वाक्याशी अडखळलं की वाटतं, आपलंच इंग्रजी कमी पडतंय.

आधी चष्मा बघा. बायफोकलचा जवळचा भाग खाली आणि अरुंद असतो. कादंबरीच्या ओळीला तो पुरतो, पण इथे नजर पानभर फिरते, त्यामुळे मान वर-खाली करून दुखायला लागते. फक्त वाचनाचा वेगळा चष्मा करून घेतला तर मोठा फरक पडतो. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप येते, म्हणून दिवा समोर न ठेवता बाजूला ठेवा. अक्षरं सगळी कॅपिटलमध्ये असल्यानेही वेग मंदावतो. त्याची काळजी नको, दहा-पंधरा पानांत डोळा सरावतो.

वाचायच्या पद्धतीत सगळ्यात जास्त गफलत इथे होते: आयुष्यभर मजकूर वाचलेला माणूस फक्त बोलण्याचे फुगे वाचत जातो, पुस्तक तासाभरात संपतं आणि हाती काही लागत नाही. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडलं हे वाचणाऱ्यानेच भरायचं असतं. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ सालच्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये हे फार सुरेख उलगडलं आहे, तेही चित्रांतूनच. आईंना एवढंच सुचवा की नवं पान उघडलं की आधी नुसती चित्रं बघायची, मग मजकूर, आणि उलटण्याआधी पुन्हा एकदा पूर्ण पान. एका चौकटीत दोन फुगे असतील तर वरचा आधी. दोन्ही समान उंचीवर असतील तर डावीकडचा. एका बैठकीला एकच प्रकरण पुरे.

आता पुढचं पुस्तक. मी निःशंकपणे ‘भीमायन’ सांगेन, बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं. नवयाना प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेल्या या पुस्तकाची चित्रं परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची आहेत; लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. यात नेहमीच्या चौकोनी चौकटी नाहीत. डिग्ना म्हणजे गोंड घरांच्या भिंती-जमिनीवर काढतात ती पारंपरिक नक्षी; तिनेच पानाचे भाग पडतात. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते, साध्या माणसाचा फुगा पक्ष्यासारखा, आणि मनातल्या विचाराला डोळा. हे एकदा कळलं की चित्र आणि शब्द वेगळे काढताच येत नाहीत. आणि खानदेशातल्या वाचकाला यात घरचं ठिकाण भेटतं. भुसावळहून मुंबईकडे जाताना लागणारं आपलं चाळीसगाव! तिथे १९२९ मध्ये टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना न्यायला नकार दिला. सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तो प्रसंग यात आहे.

त्यानंतर ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ द्या, तेही २०११ चंच. जोतीराव फुल्यांच्या १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’वर ते आधारलेलं आहे. चित्रं अपराजिता निनान यांची. मूळ ‘गुलामगिरी’ संवादाच्या रूपात आहे, त्यामुळे ते शेजारी ठेवून वाचता येतं, आणि मराठीच्या शिक्षिकेला त्यात वेगळाच आनंद मिळेल.

आणि एक तपासून घ्या: नातीकडचं ‘पर्सेपोलिस’ संपूर्ण आहे की फक्त पहिला इंग्रजी भाग? मुलगी व्हिएन्नाला निघते तिथेच पुस्तक संपत असेल, तर उरलेली अर्धी कथा अजून बाकी आहे, आणि तीच आधी मागवा.

पैसे वाचवायला सहा इंची ई-रीडरवर देऊ नका. पान मावत नाही, प्रत्येक चौकट मोठी करावी लागते आणि पानाची रचनाच हरवते. दहा इंची टॅब्लेट चालतो, तोही पान उभं धरून. छापील प्रत नवी आली की एकदम मध्ये उघडून दाबू नका: पुढून काही पानं, मग मागून काही, असं करत मध्यापर्यंत या, म्हणजे डिंकाची बांधणी उकलत नाही. मे महिन्यात ती पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका, उष्णतेने डिंक सुटतो.

‘माऊस’कडे दोन-तीन पुस्तकांनंतर परत जायचं. तेव्हा एवढं सांगून ठेवा: ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, अमेरिकन कुत्रे. आणि छळाची दृश्यं आहेत हेही आधीच सांगा. पत्रकार-चित्रकार जो सॅको यांचं ‘पॅलेस्टाइन’ त्याच्याही नंतर, कारण त्यात मजकुराच्या तिरक्या पट्ट्या पानभर विखुरलेल्या असतात आणि सराव नसताना कुठून सुरू करायचं तेच कळत नाही.