वाचकांचे प्रश्न : पट्टे दिसले म्हणून पट्टेदार मार्लिन?

प्रश्न : मी मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. सलालाहून मोम्बासाकडे जाताना भर समुद्रात लांब चोचीच्या एका माशाने जहाजाजवळ तीन-चार उड्या मारल्या. अंगावर फिकट निळे उभे पट्टे होते. आमचे कुक त्याला स्वोर्डफिश म्हणतात, तर सारंग सेलफिश. दोन फोटो पाठवत आहे. हा मासा नेमका कोणता? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोघांचाही अंदाज चुकला आहे. हा बहुधा पट्टेदार मार्लिन, म्हणजे शास्त्रीय नावाने काजिकिया ऑडॅक्स, असावा. मात्र त्याचे कारण ते पट्टे नव्हेत. उत्तेजित झाल्यावर निळा मार्लिन आणि सेलफिश यांच्याही अंगावर असे पट्टे उजळतात, त्यामुळे उडी मारणाऱ्या माशाच्या रंगावरून जात ठरवणे धोक्याचे असते.

स्वोर्डफिश आधी बाजूला काढू. त्याला पोटाखालचे पर नसतातच आणि त्याची चोच तलवारीच्या पात्यासारखी चपटी असते. आपल्या पहिल्या फोटोत मात्र पोटाखाली दोऱ्यासारखे दोन पर स्पष्ट लोंबत आहेत. सेलफिशच्या बाबतीत थोडे थांबावे लागले. तो आपले पाठीवरचे शीड खाचेत मिटून घेऊ शकतो, तेव्हा शीड दिसले नाही म्हणून तो सेलफिश नाही, असे म्हणता येत नाही. सुदैवाने दुसऱ्या फोटोत पाठीवरचा पर पूर्ण उभा आहे. सेलफिशचा हा पर मध्यभागी सर्वांत उंच असतो. येथे तो पुढे टोकदार उभा राहून मागे लगेच उतरला आहे, आणि ही ठेवण मार्लिनची आहे.

मार्लिन ठरला, तरी कोणता, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी पाठीवरच्या पराची उंची आणि त्याखालच्या शरीराची जाडी यांची तुलना करतात. काळ्या मार्लिनचा पर शरीराच्या निम्म्या जाडीइतकाही नसतो, निळ्याचा त्याहून उंच पण जाडीपेक्षा कमी, आणि पट्टेदार मार्लिनचा जाडीइतका किंवा त्याहूनही उंच असतो. दुसरा फोटो अगदी बाजूने घेतलेला असल्यामुळे मी तो मोठा छापून पट्टीने मोजला : पर १४ मिलिमीटर, शरीर १३. तिरक्या फोटोवर अशा मोजणीचा भरवसा मी धरला नसता.

काळ्या मार्लिनच्या छातीचे पर ताठ असतात व अंगाला चिकटत नाहीत, ही खूण पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ती मासा हाती आल्यावरच्या कामाची आहे. उडी मारताना इतर मार्लिनही हे पर पसरतात, म्हणून पहिल्या फोटोतल्या पसरलेल्या परांवरून मी काहीच निष्कर्ष काढलेला नाही. आखूड चोचीचा स्पिअरफिशही या समुद्रात आढळतो, पण त्याची चोच खालच्या जबड्याच्या जेमतेम पुढे येते, आणि आपल्या माशाची चोच तर त्या जबड्याच्या कितीतरी पुढे गेली आहे.